कामावर अपघात झाला? भरपाई बुडवणाऱ्या या चुका टाळा

पॉवर प्रेसवर बोटं गेलेल्या कामगाराला दवाखान्यात घेऊन येतो तो बहुतेक वेळा सुपरवायझर. केस पेपर काढणारा विचारतो, "कसं झालं?" कामगार कळवळत असतो, म्हणून उत्तर सुपरवायझर देतो: "घरी दारात सापडलं." तेवढंच कागदावर चढतं. पुढे दावा उभा राहिला की मालकाच्या विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधीशांपुढे ठेवतो, आणि अपघात कारखान्यात झालाच नव्हता असं सांगतो. भरपाईची बरीच प्रकरणं इथेच, पहिल्या तासात, कमजोर होतात.

म्हणून बोलायची शुद्ध असेल तर हकिगत स्वतः सांगा, नाहीतर घरच्या माणसाने सांगावी: कोणत्या कंपनीत, कोणत्या मशीनवर, किती वाजता. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद करायला सांगा. केस पेपरचा फोटो काढून घ्या. नोंद चुकीची झाली असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखान्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. मालकालाही अपघाताची लेखी खबर द्या, स्पीड पोस्टाने दिली तर उत्तम. शेजारच्या मशीनवर कोण होतं त्यांची नावं लिहून ठेवा; सहा महिन्यांनी त्यातले निम्मे दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात.

"चूक माझीच होती" म्हणून गप्प बसणं

ही समजूत फार खोलवर आहे, आणि मालक ती मोडायला जात नाहीत. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कामामुळे आणि काम करताना इजा झाली, एवढं पुरतं. कामगाराचं लक्ष क्षणभर ढळलं म्हणून हक्क जात नाही. दारूच्या नशेत असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं किंवा मशीनवरचा गार्ड (संरक्षक झाकण) मुद्दाम काढणं, अशा मोजक्याच कारणांनी भरपाई नाकारता येते. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही कारणंही चालत नाहीत. गार्ड उत्पादन वाढावं म्हणून कंपनीनेच काढून ठेवलेला असेल तर ते साक्षीदारांकडून वेळीच लिहून घ्या.

१९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. त्याआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो. हिशेबाचा सांगाडा मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

हिशेब न करता सही करणं

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या चुकीची, कारण समोरच्याला हिशेब पक्का माहीत असतो.

मृत्यू झाल्यास महिन्याच्या वेतनाचे ५० टक्के, कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के, आणि या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. तिसाव्या वर्षी गुणक २०७.९८ आहे. वेतन १५,००० रुपये धरलं तर ६० टक्के म्हणजे ९,०००, आणि गुणाकार १८,७१,८२० रुपये. अंगठा पूर्ण गेला तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरतात. म्हणजे ५,६१,५४६ रुपये. आता त्याच कामगाराला "चाळीस हजार घे, औषधपाणी आम्ही बघतो" म्हणत स्टॅम्प पेपरवर सही मागितली जाते, तेव्हा काय चाललंय ते समजून घ्या. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो, तो भरपाईतून कापता येत नाही.

हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे. तडजोड करायचीच असेल तर ती सक्षम अधिकाऱ्याकडे, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवली गेली पाहिजे. मृत्यूच्या प्रकरणात तर पैसे घरच्यांच्या हातात देऊन मालक मोकळा होत नाही. रक्कम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

डॉक्टरांच्या दाखल्यातही एक खाच आहे. "शरीराचं अपंगत्व ३५ टक्के" आणि "कमाईची क्षमता घटली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये त्याची हानी १०० टक्के मानली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. दाखला घेताना तुम्ही नेमकं काय काम करत होता ते डॉक्टरांना सांगा.

ईएसआय असून "आजारपणाची रजा" टाकणं

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर दावा मालकावर नाही, ईएसआय महामंडळाकडे करायचा. इथे कंपनी सुचवते: "सध्या सिक लीव्ह टाक, नंतर बघू." आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के, त्यालाही ७८ दिवसांच्या वर्गणीची अट. कामावरच्या इजेचा लाभ ९० टक्के, आणि त्याला वर्गणीची अट नाही. कामाचा पहिलाच दिवस असला तरी मिळतो. शिवाय आजारपण अशी नोंद झाली की पुढे मेडिकल बोर्डापुढे कायमच्या अपंगत्वाचा दावा उभा करणं अवघड होतं. कंपनीने अपघाताचा अहवाल भरला का ते शाखा कार्यालयात जाऊन स्वतः विचारा.

"ठेकेदाराचा माणूस" हे उत्तर मान्य करणं

ठेकेदार गायब झाला तरी ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं त्या मुख्य मालकावर जबाबदारी येते. दाव्यात दोघांनाही सामील करा. रोखीने मजुरी घेणाऱ्यांनी गेटपास, हजेरीचा फोटो, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, यूपीआयची नोंद, जे असेल ते जपावं. बांधकाम कामगार मंडळाची मदत मिळाली म्हणून ही भरपाई बुडत नाही, दोन्ही वेगळ्या आहेत.

रस्त्यावरचा अपघात सोडून देणं

महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना वाटेत मरण पावला. उच्च न्यायालयात कुटुंब हरलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा मंजूर केली: घर ते काम या प्रवासाचा वेळ, ठिकाण आणि परिस्थिती कामाशी जोडलेली असेल तर तो कामावरचाच अपघात. म्हणून ड्युटीचा तक्ता आणि घरून निघाल्याची वेळ सांगणारा पुरावा जपा.

दावा दोन वर्षांच्या आत लावा. उशिराला सबळ कारण दाखवता येतं, पण त्यावर विसंबू नका. आणि कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेल्या माणसाच्या बीडमधल्या घरच्यांनी तारखांना तिकडे खेटे घालायची गरज नसते; अर्जदार जिथे राहतो तिथल्या अधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो.