गुलमर्गला सीझनभर कामाला जाताय? आधी सिम पोस्टपेड करा

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारची दोन मुलं हॉटेल मॅनेजमेंट संपवून यंदाच्या हिवाळ्यात गुलमर्गला कामाला निघाली आहेत. परवा त्यांची सामानाची यादी बघितली. थर्मल, मोजे, कोल्ड क्रीम, सगळं होतं. पहिल्या खेपेला माझ्या हातून जे सुटलं होतं, तेवढंच नेमकं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलो.

मोबाइलचं सिम पोस्टपेड करून घ्या. जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. रेंज कमी मिळते असं नाही, बंदच पडतं. २०२२ च्या डिसेंबरात मी मालवा एक्सप्रेसने निघालो होतो. पठाणकोट मागे पडलं आणि कठुआच्या आसपास फोनच्या दांड्या गेल्या. गाडीत आहे म्हणून गेल्या असतील असं वाटलं, पण त्या जम्मूलाही आल्या नाहीत. इकडे आई दोन दिवस फोन लावत राहिली.

‘तिथे पोचून नवं सिम घेऊ’ हे मनात आणू नका. मी तेच केलं. बोलायची सोय झाली, पण बँक जुन्या नंबरला बांधलेली, आधार जुन्या नंबरला बांधलेलं, आणि ओटीपी जातो त्या बंद नंबरावर. हॉटेलच्या वाय-फायवर व्हॉट्सअॅप चालतं, ओटीपीचा मेसेज येत नाही. जुनं सिम पोस्टपेड करायला बाबा इंदूरच्या दुकानात जाऊन आले, तर नंबर माझ्या नावावर, मीच समोर हवा. पगार रोख हातात, खालच्या टंगमर्ग गावाचा रस्ता बर्फाने बंद, आणि धाकट्या बहिणीची फी भरायची तारीख आलेली. शेवटी मावशीने भरली.

तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी नाही, निदान तीन आठवडे आधी दुकानात जा. पोस्टपेड झालं का ते कंपनीच्या अॅपमध्ये स्वतः बघा आणि बिल आपोआप कटेल असं करून ठेवा, नाहीतर थकलेल्या बिलापायी तेही बंद होईल.

आता कपडे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, आपलं इंदूर साडेपाचशेच्या आसपास. सुती बनियन अंगाला नको. घाम धरून ठेवतं आणि मग गारठा हाडात शिरतो. आतून लोकरीचं किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, त्यावर वारा न शिरणारं जाकीट. एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण बुखारीशेजारी, म्हणजे खोली तापवायच्या लाकडाच्या शेगडीजवळ, उकडतं आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की गोठायला होतं. फेरन, म्हणजे काश्मिरी लांब सैल झगा, तिकडेच घ्या. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही टंगमर्गला मिळतात, इथून भारी ट्रेकिंग शूज नेऊन उपयोग नाही. लोकरीचे मोजे मात्र सहा जोड तरी हवेत, वाळत नाहीत. गॉगल विसरू नका, बर्फावरच्या उन्हाने डोळे खरोखर भाजतात. बाकी क्रीम, टोपी, हातमोजे तुम्हाला कळतंच.

खोलीचं आधी विचारा. स्टाफ क्वार्टरमध्ये बुखारी आहे का, लाकडाचे पैसे कोण देणार, एका खोलीत किती जण, जेवण पगारात की वेगळं. हे लाजून राहून जातं. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, थंडीचा सगळ्यात कडक काळ. नळात पाणी गोठतं, म्हणून रात्री तोटी थोडी ठिबकत ठेवतात. आणि हे नीट ऐका: बुखारी किंवा कांगडी (निखाऱ्यांची छोटी हातशेगडी) पेटती ठेवून, खिडक्या घट्ट लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. फट ठेवा, गारठलात तरी चालेल.

कामाच्या अटी कागदावर घ्या. जानेवारी २०२४ मध्ये, माझ्या दुसऱ्या सीझनला, गुलमर्गला जवळजवळ बर्फच नव्हतं. महिना संपत आला तेव्हा कुठे पडलं. तोवर बुकिंगं रद्द होत होती आणि आमच्यातल्या निम्म्यांना ‘घरी जाऊन या’ म्हणाले. बर्फ नसेल तर पगाराचं काय, हे लिहून घ्या.

सुट्टीच्या दिवशी स्की करायची इच्छा होणारच. शिकायचं तर सरकारी स्कीइंग संस्थेत रीतसर शिका. गंडोल्याचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. वर आखलेल्या भागाबाहेर एकट्याने जायचं नाही. बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचा ट्रान्सीव्हर, प्रोब म्हणजे बर्फात खुपसून बघायची काठी, फावडं आणि ते वापरता येणारा जोडीदार, यातलं एक जरी नसेल तरी जाऊ नका. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे हिमस्खलन झालं, पोलंडचे दोन स्कीअर गेले. इंदूरला टीव्हीवर गुलमर्गचं नाव दिसलं. आमच्याकडे वीज नव्हती, म्हणून वाय-फाय नाही. काउंटरचा फोन सतत लागलेला. आणि आईकडे हाताशी काय, तर माझा बंद नंबर, कारण नव्या सिमचा नंबर तिच्याकडे होता पण मी ते खोलीवर विसरून ड्यूटीला आलो होतो. संध्याकाळी एका वेटरच्या फोनवरून बोललो तेव्हा तिला शब्द फुटत नव्हता. सिम पोस्टपेड करा. घरच्यांना हॉटेलचा, मॅनेजरचा आणि एका सहकाऱ्याचा नंबर कागदावर लिहून द्या.

औषधं पूर्ण सीझनची न्या, बर्फ पडल्यावर श्रीनगर लांब पडतं. छोटा कुकर न्या. इतक्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. जीरावनची पुडी आणि शेव तुम्ही न सांगता नेणारच.

प्रवास: मालवाने कटरा, तिथून २०२५ च्या जूनपासून श्रीनगरपर्यंत वंदे भारत आहे. पुढे टंगमर्ग, तिथून वर साखळ्या लावलेली गाडी. रुजू व्हायच्या दोन दिवस आधी पोचा. पॉवर बँक अंगाशी ठेवा, थंडीत बॅटरी उतरते. कागदपत्रांच्या झेरॉक्स, थोडी रोकड.

मार्चमध्ये परतताना सगळा हिशेब हातात पडल्याशिवाय खोलीची किल्ली देऊ नका.