वादग्रस्त प्राध्यापकावर विकिपीडिया लेख लिहिताय? या चुका टाळा

एखादे प्राध्यापक व्याख्यानात देवस्थानाच्या इतिहासाबद्दल किंवा किनाऱ्यावरच्या एखाद्या प्रकल्पाबद्दल काही बोलतात, गावात निषेध होतो, बातमी येते आणि त्याच रात्री मराठी विकिपीडियावर त्यांच्या नावाचं पान उघडलं जातं. रत्नागिरीत बसून संपादन करताना हे मी बरेचदा पाहिलं आहे. पान उघडणारे एकतर त्यांचे विद्यार्थी असतात, नाहीतर त्यांच्यावर चिडलेले लोक. चुका मात्र दोघांच्या सारख्याच.

वादालाच कर्तृत्व समजणं

सगळ्यात घातक चूक हीच. पान ठेवायचं की काढायचं ठरवताना मी आधी एवढंच बघतो, की हा वाद झालाच नसता तर या व्यक्तीच्या कामाबद्दल इतरांनी लिहिलेलं काय उरलं असतं?

दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे आठवा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. संततिनियमनाचा उघड प्रचार व्यवस्थापनाला रुचला नाही आणि १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. गोष्ट तिथेच थांबली असती, तर हाती राहिली असती फक्त एका राजीनाम्याची बातमी. पण त्याआधीच, १९२१ मध्ये, त्यांनी संततिनियमन केंद्र सुरू केलं होतं. पुढे जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्यांच्यावर लेख हवाच, आणि तो या कामामुळे. गणिताची प्राध्यापकी त्यात एका वाक्यात येते.

उलट ज्यांच्याबद्दल एका भाषणाचा आणि एका मोर्चाचा आठवडा सोडून कुठेच काही छापलेलं नाही, त्यांच्या नावाचं पान करू नये. तो प्रसंग खरंच मोठा असेल, तर प्रसंगावर लेख लिहा आणि त्यात त्यांचा उल्लेख करा. माणूस हयात आहे, त्याच गावात राहतो. उद्या मुलाखतीला गेला तरी समोरचा आधी त्याचं नाव शोधणार आणि वर तो एकच आठवडा दिसणार. मला हे अन्यायाचं वाटतं.

मतं पटत नाहीत म्हणून पान काढायला लावणं

हीच चूक उलट्या बाजूने. ज्यांचं संशोधन त्या विषयातले इतर लोक सतत उद्धृत करतात, त्यांची जाहीर मतं कितीही संतापजनक असली तरी लेख राहतो. टीका लेखातच येते, टीकाकाराच्या नावासह आणि संदर्भासह.

बातम्यांची नुसती मोजदाद

लेखाला जोडलेल्या चर्चापानावर ‘पंधरा संदर्भ दिलेत’ असं कुणी म्हटलं, की मी ते पंधराही उघडतो. बहुतेकदा एकाच वृत्तसंस्थेची बातमी वेगवेगळ्या जिल्हा आवृत्त्यांत छापलेली असते. तो एकच संदर्भ. महाविद्यालयाचं संकेतस्थळ, सत्काराची प्रेसनोट, साठीनिमित्त शिष्यांनी काढलेला गौरवग्रंथ हे स्वतंत्र स्रोत नव्हेत. शोधनिबंधांच्या आकड्यालाही भुलू नका. मे २०१८ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात वगळली होती. किती छापलं यापेक्षा ते कुणी वाचून वापरलं, हे पाहा.

गुगलवर नाही म्हणजे नाहीच

ही चूक कोकणातल्या अभ्यासकांना फार जाचते. बोलीभाषा, खोतीचा इतिहास, भातशेती, मासेमारी यांवरचं मराठी लेखन आंतरजालावर क्वचितच सापडतं, आणि परदेशी उद्धरण-मोजणीत त्याला जागाच नसते. अशा वेळी वाचनालय गाठावं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या वाचनालयाचं फार नुकसान झालं. म्हणून एका ठिकाणी अंक मिळाला नाही तर दुसरीकडे विचारा. छापील अंकाची तारीख आणि पान क्रमांक दिलात की तो संदर्भ पूर्ण ग्राह्य आहे, दुवा नसला तरी चालतो.

घाईने दिलेला नकार किती महागात पडतो, याचं उदाहरण कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड. मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला. २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा तिथे त्यांच्या नावाचं पान नव्हतं. काम आधीपासून होतंच, ते संदर्भांतून दाखवायचं राहून गेलं होतं.

पद आणि पुरस्कार

विभागप्रमुख, प्राचार्य, शाल-श्रीफळ, जीवनगौरव यांनी लेखाची पात्रता ठरत नाही. इंग्रजी विकिपीडियावर अभ्यासकांसाठी वेगळे निकष आहेत: विषयावर पडलेला ठसा, मोठा राष्ट्रीय सन्मान, मान्यवर विद्वत्संस्थेचं निवडून मिळालेलं सदस्यत्व, महत्त्वाच्या विद्यापीठाचं सर्वोच्च पद वगैरे. यातला एक नीट सिद्ध झाला तरी पुरतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू या निकषात बसू शकतात. तिथल्या एखाद्या समितीचं सदस्यत्व नाही.

‘आमचे सर’ म्हणून लिहिणं

सर तुमचे असतील, तर तसं चर्चापानावर आधीच सांगा आणि लेख दुसऱ्याला लिहू द्या. भांडण असेल तरीही तेच करा. पान हटवण्याची चर्चा चालू असताना व्हॉट्सॲप गटावरून माणसं गोळा करून आणू नका. तिथे मतं मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. वीस नवी खाती येऊन ‘ठेवा’ म्हणाली, तर प्रचालकांना (पानं हटवण्याचे अधिकार असलेल्या संपादकांना) संशय तेवढा येतो.

पानावर हटवण्याचा साचा लागलाच, तर

साचा, म्हणजे पानाच्या वर लावलेली सूचनेची पाटी, काढून टाकू नका. चर्चापानावर तुमच्याकडचे उत्तम तीन संदर्भ द्या, तीसच्या तीस नव्हे, आणि प्रत्येकात त्या व्यक्तीच्या कामाबद्दल नेमकं काय म्हटलंय ते एका ओळीत लिहा. संदर्भ नसलेलं बदनामीकारक वाक्य मात्र चर्चेची वाट न पाहता लगेच उडवा. तीन संदर्भ जमतच नसतील, तर मजकूर आपल्या धूळपाटीवर (कच्च्या लेखनासाठीच्या स्वतःच्या पानावर) हलवा, पण वादाचा भाग तिथेही ठेवू नका, कारण ते पानही इतरांना उघडता येतं. आणि त्या प्राध्यापकांनी स्वतःच ‘माझ्यावरचं पान काढा’ अशी विनंती केली, तर चर्चेत ती मांडा. फारशा प्रसिद्ध नसलेल्या माणसाबद्दल एकमत होत नसेल, तर इंग्रजी विकिपीडियावर अशी विनंती विचारात घेतली जाते. मी तरी अशा वेळी काढण्याच्याच बाजूने लिहितो.