चूल आणण्याआधी धुराचा रस्ता बघा

मी गवंडीकाम करतो. नागपुरात पारा उतरला की महाल-इतवारीच्या जुन्या घरांतून बोलावणी येतात: मागच्या खोलीत बंद लोखंडी चूल बसवून द्या, आंघोळीचं पाणी तापेल, आजीला ऊबही मिळेल. बहुतेक घरी चूल आणूनच ठेवलेली असते. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी पाईप कुठून वर जाणार ते बघा आणि मगच चूल घ्या.

कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात खरा धोका छपरात असतो. कवेलूखाली बल्ल्या, बांबू आणि वर्षानुवर्षं साठलेला वाळका कचरा. साधा एकेरी पत्र्याचा पाईप या लाकडापासून सगळीकडून दीड फूट लांब हवा. पाईपाच्या मापाचं भोक पाडून भागत नाही. तेवढी जागा रिकामी करायची, बल्ली मधे येत असेल तर तिचा भार दुसरीकडे घ्यायचा आणि मोकळ्या जागेत पत्रा बसवायचा. हे जमणार नसेल तर पाईप विटांच्या भिंतीतून बाहेर काढा. पण जुन्या वाड्यांच्या भिंतींत लाकडी खांब बुजवलेले असतात. भिंत हातोडीने हळूहळू ठोकत जा. खांब आला की आवाज बदलतो. शंका वाटली तर थोडं प्लास्टर काढून बघा. तो खांब पाईपाशेजारी रोज तापत राहिला तर कधीतरी आतल्या आत धुमसू लागतो, आणि बाहेरून काही दिसत नाही.

पाईपाचं टोक छपराच्या वर किमान 3 फूट हवं. 10 फुटांच्या आत शेजाऱ्याची भिंत किंवा पाण्याची टाकी असेल तर तिच्याहूनही 2 फूट उंच. महालात घराला घर लागून आहे, तिथे हे मोजल्याशिवाय कामाला हात लावू नका. टोक खाली राहिलं की वारा धूर परत घरात लोटतो. चुलीजवळचा पहिला तुकडा जाड काळ्या पत्र्याचा घ्या, जस्ताच्या मुलाम्याचा नको.

चूल फरशीवर ठेवा, तोंडापुढे दीड फूट फरशी मोकळी ठेवा. लाकडी कपाट, पडदे, गादी 3 फुटांवर. हिवाळ्यात कूलरच्या वाळलेल्या ताट्या याच खोलीच्या माळ्यावर टाकतात, त्या आधी हलवा. गॅसची टाकी दुसऱ्या खोलीत. खोलीत एक्झॉस्ट पंखा असेल तर चूल पेटलेली असताना तो बंद, नाहीतर धूर उलटा ओढला जातो.

लकडगंजात कापलेल्या लाकडाचे तुकडे मिळतात, पण प्लायवूड आणि रंगवलेलं लाकूड जाळू नका. वाळलेल्या फाट्याच्या टोकाला चिरा दिसतात आणि दोन फाटे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात.

उपड्या मडक्यावर लंबी रोटी भाजतात ती चूल वेगळी. ती उघडी असते, अंगणातच बरी.

सगळं बसल्यावर चुलीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ आत ओढला गेला तर पाईप चांगला ओढतोय. खोलीत रेंगाळला तर चूल पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. म्हणून खिडकीची एक फट कायम उघडी ठेवा, आणि चूल धगधगत असताना त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तोही लावा.

पाईपाच्या खालच्या वळणावर सफाईचं झाकण मागून घ्या. ओल्या लाकडाने आत डांबरासारखा थर धरतो आणि तो थर पेट घेतो. हिवाळाभर महिन्यातून एकदा झाकण उघडून बोट फिरवा, थर लागला की ब्रश घाला.