बँड न मोडता साइड प्रोजेक्ट आणि रिमिक्स कसं सुरू करायचं

बँडमध्ये काही वर्षं वाजवलं की प्रत्येकाच्या फोनमध्ये बँडच्या कामाच्या नसलेल्या गोष्टी साठायला लागतात, ड्रमरने लॅपटॉपवर बनवलेले बीट्स, बेसवाल्याने लिहिलेली दोन कडवी, गिटारिस्टचं काहीतरी दहा मिनिटांचं संथ प्रकरण, आणि कोणीतरी ते रिहर्सलला ऐकवतो, बाकीचे मान डोलावतात, विषय तिथेच संपतो. माझं ठाम मत आहे की बँडने नाकारलेली गाणी खपवायला साइड प्रोजेक्ट काढू नये, कारण मग तो त्याच बँडची फिकी कॉपी होतो. बँडमध्ये जे करताच येत नाही ते करायला काढा.

म्हणून सगळ्यात आधी एक नियम ठरवा जो मेन बँडपेक्षा वेगळा असेल. गिटारला हात लावायचा नाही, किंवा ड्रमकिट नाही फक्त संबळ आणि ड्रम मशीन, किंवा सगळं मराठीतच. मुंबईतलं उदाहरण घ्या, पेंटाग्रामचा गिटारिस्ट रँडॉल्फ कोरिया, त्याने मोनिका डोग्रासोबत शायर अँड फंक काढलं, तिथे इलेक्ट्रॉनिक्स आणि तिचा आवाज हाच पाया, त्यामुळे दोन्हीत गोंधळ व्हायचं कारणच नाही. विशाल ददलानी तर एकीकडे पेंटाग्राममध्ये गात होता आणि दुसरीकडे शेखर रवजियानीसोबत सिनेमांना संगीत देत होता.

पण कामाची पद्धत शिकायची असेल तर माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या द पोस्टल सर्व्हिसचं. डेथ कॅब फॉर क्युटीचा गायक बेन गिबर्ड सिअॅटलला, जिमी टँबोरेलो लॉस एंजेलिसला. जिमी म्युझिक बनवून पोस्टाने पाठवायचा, बेन त्यावर चाल आणि शब्द रचून परत पाठवायचा, नावसुद्धा त्यावरूनच पडलं. २००३ च्या फेब्रुवारीत अल्बम आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डेथ कॅबचाही आला, म्हणजे मेन बँड थांबला नाही की मागे पडला नाही, उलट २०२३ मध्ये बेनने दोन्ही अल्बम एकाच रात्री एकाच स्टेजवर वाजवत टूर केली. यातून घ्यायचं ते हे की काम तुकड्यांत वाटा, एकाने बीट पूर्ण करून पाठवायचा आणि दुसऱ्याने फक्त त्यावर आपला भाग करायचा. दोघांनी एकत्र बसून चार तास "काय करूया" करायचं नाही. आज ड्राइव्हवर फोल्डर शेअर केला की झालं, त्यामुळे बँडच्या रिहर्सलचा एकही वार खर्ची पडत नाही.

आता बँडला सांगणं. पहिलं गाणं अपलोड व्हायच्या आधी सांगा, आणि ग्रुपवर मेसेज टाकून नाही, समोरासमोर. तीन गोष्टी स्पष्ट करा, गिगच्या तारखा आपटल्या तर बँडला पहिला मान, बँडचं नाव पोस्टरवर वापरायचं की नाही, आणि बँडच्या पैशातून घेतलेला साउंडकार्ड, माइक वगैरे वापरला तर चालेल का. भांडणं नेहमी या तिसऱ्यावरूनच होतात. आणि बँडमध्ये अर्धवट राहिलेला एखादा रिफ (गिटार-बेसवरचा परत परत येणारा छोटा तुकडा) तुम्हाला तिकडे न्यायचा असेल तर विचारा, जॅममध्ये चौघांनी मिळून बनवलेली गोष्ट एकट्याची नसते.

रिमिक्सची सुरुवात स्वतःच्याच बँडच्या गाण्यापासून करा, परवानगीचा प्रश्न सोपा आणि फाइल्स हातात. स्टुडिओवाल्याकडून स्टेम्स मागून घ्या, म्हणजे आवाज, ड्रम्स, बेस, गिटार, कीज असं वेगवेगळं, २४ बिट वेव्हमध्ये, आणि सगळ्या फाइल्स गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू झालेल्या हव्यात, नाहीतर जुळवता जुळवता जीव जातो. आवाजाचा ट्रॅक दोनदा मागा, एकदा रिव्हर्बसकट (म्हणजे घुमाऱ्यासकट) आणि एकदा कोरडा. कोरडा नसेल तर टेम्पो बदलल्यावर रिव्हर्बची शेपटी विचित्र ऐकू येते. रेडिओहेडने २००८ मध्ये त्यांच्या एका गाण्याचे पाच स्टेम्स लोकांना रिमिक्स करायला सुटे विकले होते, शक्य असेल तर तुमच्याही गाण्याचे मित्रांना देऊन बघा, आपल्याच गाण्यात आपल्याला न दिसलेलं बरंच दिसतं.

मग गाणं क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, रेकॉर्ड झालंय का बघा. झालं नसेल तर टेम्पो हलतो, कडव्यात मिनिटाला ९२ ठोके आणि ध्रुवपदात ९५ असं काहीतरी, तेव्हा दर चार बारांनी पहिल्या ठोक्यावर वार्प मार्कर (सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग टेम्पोला जुळवायची खूण) लावा, प्रत्येक ठोक्यावर नको, नाहीतर गाणाऱ्याचा श्वासच मारला जातो. सूरही तपासा, हार्मोनियमवर बसवलेलं गाणं बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या स्टँडर्ड सुराला नसतं, तेव्हा आवाज ओढण्यापेक्षा तुमचा सिंथ तेवढे सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वरखाली करा.

आणि आपल्याकडचा खास प्रॉब्लेम म्हणजे ठेका. अनेक कोळीगीतं, बऱ्याच जुन्या चाली सहा मात्रांच्या झुल्यावर आहेत आणि लोक त्यांच्यावर सरळ चारचा क्लब बीट आदळतात, मग ढोलकी एकीकडे आणि किक ड्रम दुसरीकडे. खरं तर हे सोपं आहे. सहा मात्रा तीन-तीनच्या दोन भागांत पडतात, प्रत्येक भागाच्या पहिल्या मात्रेवर किक ठेवा, म्हणजे एका आवर्तनात २ आणि दोन आवर्तनांत ४, झाला तुमचा चारचा बार. मात्रा मिनिटाला ३६० पडत असतील तर प्रोजेक्टचा टेम्पो १२० लावायचा आणि ग्रिड ट्रिपलेटवर, म्हणजे एका ठोक्याचे तीन भाग. हाय-हॅट मात्र सरळ सोळाव्याचा (एका ठोक्याचे चार भाग) टाकू नका, तो ढोलकीशी भांडतो, तिथे ढोलकीलाच चालवू द्या. हे जमलं की गाण्याचा झुला तसाच राहतो आणि पाय पण हलतात.

काय ठेवायचं, काय काढायचं याचा अंदाज यायला मॅसिव्ह अटॅकचा १९९४ चा अल्बम आणि मॅड प्रोफेसरने १९९५ मध्ये केलेला त्याचा डब अवतार लागोपाठ ऐका. तिथे कितीतरी ठिकाणी आवाज जवळजवळ गायबच झालाय आणि बेस पुढे आलाय. नवशिके सगळं ठेवून वर अजून दहा ट्रॅक चढवतात. आधी आवाज सोडून सगळं म्यूट करा आणि एकेक गोष्ट परत यायचं कारण स्वतःला विचारा.

दुसऱ्यांची गाणी घ्यायची असतील तर इथे नीट वाचा. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, शब्द-चालीचा एक आणि रेकॉर्डिंगचा एक, आणि मूळ गायकाचा आवाज वापरून रिमिक्स करायचं तर दोन्हीकडची परवानगी लागते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३१सी आहे, त्याने जुन्या गाण्याचं नव्याने रेकॉर्डिंग करता येतं, पण पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जावी लागतात, आधी नोटीस द्यावी लागते आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, वर चालीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, त्यामुळे घरगुती रिमिक्सवाल्याला याचा फारसा उपयोग नाही. आवाज वेगळा काढून देणारी एआय अॅप्स शिकायला मस्त आहेत, हक्क मात्र ती देत नाहीत, आणि डिस्क्रिप्शनमध्ये "नो कॉपीराइट इन्टेंडेड" लिहून काहीही होत नाही. अभंग घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत पण चाल श्रीनिवास खळ्यांची असेल तर खळेकाका २०११ मध्ये गेले, पुढची ६० वर्षं धरली तर त्या चालीवर २०७१ संपेपर्यंत हक्क आहे. शब्द घ्या, चाल स्वतः बांधा.

नाव ठरवायच्या आधी शोधून बघा, स्ट्रीमिंगवर, यूट्यूबवर, ट्रेडमार्कच्या साइटवर. द पोस्टल सर्व्हिसला खुद्द अमेरिकन टपाल खात्याने नावावरून नोटीस पाठवली होती, नंतर समझोता झाला, पण सगळ्यांचं नशीब तसं नसतं. वाटण्या गाणं संपलं त्याच दिवशी लिहून ठेवा, शब्द कोणाचे किती टक्के, चाल कोणाची किती, रेकॉर्डिंग कोणाचं, बेरीज १०० आली पाहिजे, साध्या मेसेजवर सगळ्यांनी "ओके" लिहिलं तरी काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हा. रिमिक्स अपलोड करताना त्याला नवा आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घ्या, मूळ गाण्याचा टाकू नका, नाहीतर स्ट्रीम्सचा हिशोब एकमेकांत मिसळतो.

रिलीज बँडच्या रिलीजपासून दूर ठेवा, महिना-दीड महिना तरी, आणि पहिला शो बँडच्याच गिगला ओपनिंग म्हणून घेऊ नका. लोक मेन बँडची वाट बघत उभे असतात आणि तुमचं नवं काम साउंडचेक असल्यासारखं ऐकतात. छोटी जागा, चाळीस माणसं, स्वतःच्या नावाचं पोस्टर, आणि बँडमधले बाकीचे समोर श्रोते म्हणून. त्यांना तिकीट फुकट द्या.