वसुलीवाल्यांची रात्रीची फेरी कशी थांबली

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचं. कापणीच्या तोंडावर पाऊस आला, भात आडवं झालं आणि आईच्या गटकर्जाचे तीन हप्ते थकले. कर्ज बुडवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. पण वसुलीवाले रात्री साडेआठला येऊन कट्ट्यावर ठाण मांडायचे, शेजारच्या काकूंना ऐकू जाईल असं बोलायचे. आई स्वयंपाकघरातून बाहेरच यायची नाही.

आधी मी भांडलो. काही उपयोग झाला नाही, उलट आवाज वाढला. मग वाचत बसलो तेव्हा कळलं की रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे आईच्या गटकर्जासारख्या छोट्या कर्जाच्या, कर्जदाराला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर साधा फोनही करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, सगळ्याला मनाई.

पुढच्या फेरीला ओळखपत्र मागितलं. एकाने दाखवलं, दुसरा चाचपडत राहिला!

मी तारखा आणि वेळा वहीत उतरवल्या, कर्जाचा कन्नड कागद मित्राकडून वाचून घेतला आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज दिला. पोच मात्र हट्टाने घेतली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, आणि तिथे ही पोचच कामी येते. चौकशीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर आहे.

तिथवर जावं लागलं नाही. बाविसाव्या दिवशी शाखेतून फोन आला, तोही भर दुपारी. एक रुपयाही माफ झाला नाही, पण मुदत वाढली, हप्ता लहान झाला. आता आई स्वतः जाऊन भरून येते. कट्ट्यावर पुन्हा मांजर झोपतं.