केमोत तोंड आलं तर: गुळण्या, बर्फ आणि पेज

केमोनंतर तोंड येतं ते बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर औषधाचा मारा होतो आणि तोंडाचं आतलं अस्तर अशाच पेशींचं असतं. म्हणून आग होण्याची वाट पाहू नका, गुळण्या पहिल्या डोसाच्या दिवसापासूनच सुरू करा.

उकळून कोमट केलेलं एक लिटर पाणी, त्यात एक छोटा चमचा (५ मिली) मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर वेगळी, ती नको. घोट अर्धा मिनिट तोंडात खेळवून थुंका, गिळू नका. जागेपणी दर तीन-चार तासांनी, खाल्ल्यावर आणि झोपताना. झोंबलं तर मीठ कमी करा. उरलेलं पाणी रात्री ओतून टाका. अल्कोहोल असलेला माउथवॉश तोंड कोरडं करतो, तो बंद. ब्रश अगदी मऊ, कवळी रात्री काढलेली.

फाइव्ह-एफयू (फ्लुरोयुरॅसिल) हे केमोचं औषध शिरेतून एकदम देणार असतील तर आधी पाच मिनिटांपासून एकूण अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळल्याने फायदा होतो: थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, औषध तोंडात कमी पोचतं. मात्र सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ नको. त्या औषधावर थंड काही घेतलं की घसा आवळल्यासारखा होतो. नर्सला विचारल्याशिवाय बर्फ तोंडात घालू नका.

खायला उकड्या तांदळाची पेज उत्तम, पण कोमट आणि मिस्कूटाशिवाय (कैरीचं लोणचं). आमटीत तिरफळ, मिरची नको. सोलकढी, व्हिनेगरचं जेवण आणि फेणीही नको. पोईची (गोव्याचा पाव) कड जखम खरवडते. आतला मऊ भाग दुधात भिजवून द्या. नाचणीची आंबील आंबवलेली नको, ताजी शिजवलेली खीर करा. प्रथिनांसाठी अंडं पूर्ण शिजवून, किंवा काटे नीट काढलेला मासा कुस्करून.

डॉक्टरांनी बधिर करणारं जेल दिलं असेल तर ते लावल्यावर कढत काही देऊ नका, चटका कळत नाही. घासही लहान हवा, नाहीतर ठसका लागतो.

पांढरे चट्टे दिसले तर ते खरवडू नका. बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं. पाणीही गिळता येत नसेल, रक्त थांबत नसेल किंवा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर सकाळची ओपीडी धरून बसू नका. पॅरासिटामॉल देण्याआधी उपचार चालू असलेल्या विभागाला फोन करा, नाहीतर १०८ बोलावून गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) कॅज्युअल्टीत न्या आणि केमोची फाइल सोबत ठेवा.