यादवी युद्धात कैद झालेल्या पूर्वजाचा माग कसा काढावा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या कित्येक मराठी घरांत सून किंवा जावई तिथलाच असतो. नातवंडांच्या त्या बाजूच्या वंशावळीत १८६१ ते १८६५ च्या, अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधल्या यादवी युद्धातला एखादा सैनिक निघू शकतो. तो कैदेत पडला असेल, तर त्याच्याबद्दल कागद बहुधा जास्तच सापडतात.

आधी राज्य आणि रेजिमेंट (पलटण) शोधा. नाशिकच्या तीर्थपुरोहितांच्या वहीत गाव सांगितल्याशिवाय पान उघडत नाही, तसेच इथेही आहे. कबरीवरचा दगड बघा, त्यावर अनेकदा कंपनी (रेजिमेंटमधली तुकडी) आणि रेजिमेंट कोरलेली असते. अमेरिकेची राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या विनामूल्य सूचीत सैनिकांची सुमारे ६३ लाख नावे आहेत. एकाच नावाचे पुष्कळ जण भेटतील. कंपनी बहुधा एकाच परिसरातून भरती होई, म्हणून १८६० च्या जनगणनेतला पत्ता ताडून पाहा.

मग वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्ज या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून त्याच्या लष्करी सेवेची नोंद मागवा. तिच्यात कैदेची वेगळी चिठ्ठी असू शकते: कुठे पकडला, कुठल्या छावणीत नेला, कधी सुटला किंवा वारला.

पकडल्याच्या तारखेकडे नीट लक्ष द्या. जुलै १८६२ मध्ये दोन्ही बाजूंत कैद्यांच्या अदलाबदलीचा करार झाला होता, त्यामुळे त्या काळातले बरेच जण लवकर सुटले. पकडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना युद्धकैदी मानायला दक्षिणेने नकार दिला आणि १८६३ मध्ये हा करार कोलमडला. त्यानंतरची कैद लांबलचक आणि जीवघेणी होती. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल छावणीत सुमारे ४५,००० कैदी आले आणि चौदा महिन्यांत जवळपास १३,००० दगावले. डोरेन्स ॲटवॉटर हा कोवळा कैदी तिथे मृतांची नोंदवही लिहीत असे. त्याने तिची गुपचूप एक प्रत केली, म्हणूनच तिथल्या बहुतेक कबरींवर आज नावे आहेत. पूर्वज उत्तरेचा असेल तर ही यादी पाहाच. दक्षिणेचा असेल तर एलमायरा, पॉइंट लुकआउट अशा उत्तरेकडच्या छावण्यांची दप्तरे बघा, तीही नॅशनल आर्काइव्ह्जमध्येच आहेत.

खरा खजिना मात्र पेन्शनच्या फायलीत असतो. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील, तर माझ्या मते पूर्ण फाइल मागवण्यावर करावेत. विधवेने दिलेला लग्नाचा पुरावा, मुलांच्या जन्मतारखा, कैदेत जडलेल्या दुखण्याबद्दल सोबत्यांच्या शपथेवरच्या जबान्या, असे बरेच काही तिच्यात मिळू शकते. दक्षिणेच्या सैनिकांना पेन्शन त्यांच्या राज्यांनी दिले. त्यामुळे अर्ज करताना तो ज्या राज्यात राहत होता, तिथल्या अभिलेखागारात विचारा, मग तो लढला कुठूनही असो.

उत्तरेचा अविवाहित मुलगा छावणीत वारला असेल, तर आईच्या नावाचा अर्ज शोधा. घर त्याच्या कमाईवर चालत होते हे सिद्ध करायला काही मातांनी त्याची मूळ पत्रेच जोडली होती. त्यांच्या प्रती मागवता येतात.